आप्पांच्या इंजिनातली हवा

लाईट गेली की आनंद होणारा माणूस अख्ख्या वडगावात एकच, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. यंत्रमाग बंद पडले की सारी गल्ली कडाकडा बोटं मोडते. शेजारचे आप्पा मात्र लुंगी खोचून सोप्यात उभ्या मोटारसायकलीकडं धावतात. इंजिनातून हवा कुठं गळते ते ऐकायला शांतता लागते, आणि आमच्याकडं ती लाईट गेल्याशिवाय येत नाही. जुन्या स्पार्क प्लगचं पोट पोखरून त्यांनी त्यात एक नळी बसवलीय. ती इंजिनाच्या डोक्यात आवळायची, पिस्टन वर आणून चाक दगडांनी अडवायचं, सायकलच्या पंपानं हवा भरायची आणि सायलेन्सरला, कार्बोरेटरला कान लावत फिरायचं. 'सुऽऽ' होईल तिथं दुखणं! गॅरेजला न्या म्हटलं तर म्हणतात, "घरच्या माणसाची नाडी परक्याच्या हातात देतंय व्हय कोण?" एकदा दिवसभर लाईट जाईना, तर त्यांनी समोरच्यालाच माग थांबवायला लावला. तो कळवळला, "आप्पा, साडी अर्धी हाय की!" आप्पा म्हणाले, "साडी कुठं पळून जातीया? हितं हवा चाललीया माझी!"

आता खरी गंमत अशी, की जन्मभर मागावर बसून आप्पांचे कान कामातून गेलेत. बोललेलं कळतं, पण बारीक 'सुऽऽ' काही कळत नाही. त्यामुळं पंप आप्पांचा आणि कान आक्कांचा, असा या नवराबायकोचा संसार. आक्का पिठाच्या हातानं बाहेर यायच्या, सायलेन्सरपाशी क्षणभर वाकायच्या आणि म्हणायच्या, "व्हॉल्व गळतोय. चहा घ्या आता." त्या आक्का पुण्याला लेकाकडं गेल्या, नातवाला सांभाळायला. महिन्याभरासाठी म्हणून गेल्या आणि दोन दिवाळ्या झाल्या. निघताना सहज म्हणाल्या होत्या, "गाडी धड झाली की न्यायला या." आप्पांनी तेवढंच धरून ठेवलंय.

तेव्हापासून कानाची नोकरी माझ्याकडं. पण माझ्यावर विश्वास कुठला! "कुठं गळत न्हाय आप्पा," म्हटलं की उत्तर तयार, "तुला काय कळतंय रं!" गेल्या आठवड्यात नवा व्हॉल्व बसवून, लाईट गेल्यावर त्यांनी मला पुण्याला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर टाकून सायलेन्सरला धरायला लावला, आणि स्वतः पंप मारमार मारला. माझा कान तिथंच होता. सायलेन्सर ठार गप्प. फोनमधून नातवाचं "आज्जी, आज्जी" तेवढं ऐकू येत होतं. आक्कांनी आधी त्याला गप्प केलं. मग म्हणाल्या, "गळतंय की हो अजून. एवढ्यात निघू नका."

आप्पांचा चेहरा काय फुलला! "बघ! पुण्यात बसून ऐकतीया!" म्हणत ते पाना आणायला आत गेले. तेवढ्यात आक्कांनी आवाज खाली आणला. "काय करू रं? ह्ये लेकरू मला सोडत न्हाय, आणि त्यांना न्यायला येऊ नका म्हणवत न्हाय. जीव सगळा तिकडंच हाय माझा." मी नुसतं "व्हय आक्का" म्हटलं.

आप्पा पाना घेऊन आले आणि लाईट आली. गल्लीभर माग सुरू झाले. ते फोनवर वाकून ओरडले, "पुढच्या खेपेला परत ऐकशील न्हवं?" आक्का काहीतरी म्हणाल्या. त्या खडखडाटात मलाही ते कळलं नाही, आप्पांना तर नाहीच. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"ऐकते म्हणाल्या," मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.