गच्चीवरचा कावळा

आमच्या होमस्टेचे पाहुणे खाण्याच्या फेरीला निघाले की त्यांचा गाईड मलाही ओढून नेतो. सुरुवात मिसळीनं, शेवट गंगापूर रोडला एका गच्चीवर, क्राफ्ट बिअरनं. वाटभर त्याची टकळी चालू असते. गच्चीवर मात्र आधी तो मिसळीतला राखलेला पाव बिअरच्या फेसात बुडवून कठड्यावर ठेवतो. कावळा लगेच येतो. पाहुणे फोटो काढतात.

"कोणासाठी रे हे?" मी एकदा विचारलं.

"असेल कोणी भुकेलं, काका."

मागच्या महिन्यात एकदा पाव ठेवला तरी कावळे समोरच्या तारेवर नुसते बसून राहिले. दहाव्याला रामकुंडावर करतात तसे त्यानं हात जोडले. "पोरीचं लग्न लावून देऊ," अंदाजानं म्हणाला. "घर विकणार नाही." एकही कावळा शिवेना. मग माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "बरं, काकांना एकटं सोडणार नाही."

कावळ्यानं झडप घातली.

बायको वारल्यापासून, पाहुणे गेले की मी घरात एकटाच असतो, हे त्याला मी कधीच सांगितलं नव्हतं.

आता फेरी संपली की तो मला दारापर्यंत सोडायला येतो. चालताना आमच्या दोघांत एका माणसाची जागा मोकळी ठेवतो.