उलथन्याची जागा

आमच्या लातूरच्या वर्कशॉपमधून कुठलंही काम बाहेर पडलं की त्याच्यासोबत एक लोखंडी उलथनं जातं. ही पद्धत माझ्या भागीदाराची. भूकंपानंतर ते निवाऱ्यांचे पत्रे कापत होते, तेव्हा लोकांची भांडीकुंडी ढिगाऱ्याखाली गेलेली. उरलेल्या तुकड्यातून ते दर घराला एक उलथनं करून द्यायचे. निवारे गेले, पद्धत राहिली. मूळचे देगलूरचे, वयाने मोठे, म्हणून मी त्यांना चाचा म्हणतो. ते मला मुनीमजी म्हणतात.

कोचिंगची पोरं वाढली, तशी आमच्याकडे हॉस्टेलच्या कॉटांची कामं वाढली. आम्ही लेझर मशीन घेतलं आणि पत्र्यावर भाग बसवायचं काम नेस्टिंगच्या सॉफ्टवेअरकडे गेलं. भागांची यादी आणि नग भरायचे. कुठला भाग कुठे, किती फिरवून बसवायचा, ते तेच ठरवतं. पत्र्याचा वापर शंभरात सत्तरवरून पंच्याऐंशीवर गेला. हा आकडा मी घरी जेवताना बायकोला दोनदा सांगितला.

पण उरायच्या त्या नुसत्या चिंचोळ्या पट्ट्या. एका मुलींच्या हॉस्टेलच्या कॉटा दुसऱ्या दिवशी जायच्या होत्या आणि उलथन्याजोगा तुकडा कुठेच नव्हता. चाचांनी भंगाराचा ढीग दोनदा उपसला. मी म्हटलं, बाजारातून एक आणू. ते कोरा पत्रा ओढून त्यावर खडूने उलथनं आखायला बसले. एका उलथन्यासाठी कोरा पत्रा फोडणं मला पटेना, तसं मी सांगितलं.

"पत्र्याचं पोट भरून राहिलात मुनीमजी," ते खडू न उचलता म्हणाले, "पण हात हलवत जायचं व्हय मला तिथं?"

मी पडद्यासमोर बसलो. कॉटांचे डोक्याकडचे पत्रे अजून कापायचे होते. त्या प्रत्येक पत्र्यात पुस्तकांसाठी एक आयताकृती खिडकी असते. तिच्यातला पत्रा मशीन बारीक तुकडे करून भंगारात पाडायचं, कारण भागाच्या आत भाग बसवायची सोय मी सुरूच केली नव्हती. ती सुरू केली. चाचांचं जुनं उलथनं मापून त्याचा आकार काढला, यादीत टाकला आणि पुन्हा नेस्टिंग लावलं. उलथनं खिडकीत तिरकं, नीट बसलं. वापर शंभरात सत्त्याऐंशी.

चाचांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ आले. "अजून एक बसंल की."

बसलं. त्यांनी खडूची रेघ बाहीने पुसली आणि कोरा पत्रा जागेवर ठेवला.

सकाळी त्यांनी कापलेल्या कडा कानशीने घासल्या, दांडे वाकवले. हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशींनी एक उलथनं हातात तोलून बघितलं आणि दुसरं कुणासाठी म्हणून विचारलं.

"मुनीमजींच्या घरी," चाचा म्हणाले.

आमच्याकडे आता त्यानेच धपाटी उलटतात. यादीत उलथनं कायमचं आहे: दर कामाला नग एक.