आपली पोरगी बसते तिथं

हिंदी मुलखातल्या या शहरात, गोरखपूर नावाच्या भागात, मिठाईच्या दुकानावर परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं एक ऑफिस आहे. जिन्यात तुपाचा वास आणि वर एसीचा गारवा, एवढ्यानंच येणारा माणूस अर्धा खूश होतो. भिंतीवर व्हिसा मिळालेल्या पोरापोरींचे फोटो, दाराशी पितळेची घंटा. व्हिसा आला की ज्याचा त्यानं ती घंटा वाजवायची, ऑफिसनं टाळ्या वाजवायच्या, आईनं रडायचं. फोटो प्रणोती काढायची.

प्रणोतीला तिथं लागून चार वर्षं झाली होती. त्याआधी ती स्वतःच जाणार होती. इथल्याच कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन, ऑनलाइन जर्मन शिकून, कुठल्याही एजंटाशिवाय तिनं जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळवला होता. तिकडे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. पहिल्या वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे मात्र आधीच तिथल्या बँकेत ठेवावे लागतात आणि मग ते आपले आपल्यालाच दरमहा मिळतात. तेवढे पैसे बाबांनी रेल्वेच्या नोकरीत जमवले होते. ते बाबांच्याच डायलिसिसमध्ये गेले, आणि मागोमाग बाबाही. दीक्षितपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात आई शैलजा आणि ती, दोघीच उरल्या. "सहा महिने करते," म्हणून तिनं ही नोकरी धरली आणि ती नोकरीच तिला धरून बसली.

ऑफिसचे मालक गौतम सर. माणूस गोड बोलणारा, पगार कधी न थकवणारा. त्यांचा नियम एकच होता. "झूठ किसी से नहीं बोलना. सरकारी यूनिवर्सिटी का कोई पूछे, तो बताना. न पूछे, तो अपन क्यों छेड़ें?" सरकारी विद्यापीठ कमिशन देत नाही, खासगी कॉलेज देतं, एवढाच हिशेब. आणि ज्याला माहीतच नाही, तो विचारणार काय? चार वर्षांत विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

प्रणोतीनं ते पचवलं होतं. पण गेल्या दिवाळीत अवंतिकाचा फोन आला. प्रणोतीनंच पाठवलेली मुलगी. "दीदी, कॉलेज म्हणजे एका दुकानावरचे दोन मजले आहेत. दिवसभर गोदामात पार्सलं उचलते, तरी फी पुरत नाही. घरी सांगू नका." भिंतीवर अवंतिकाचा फोटो अजून हसत होता. त्या दिवसापासून प्रणोती भिंतीकडे पाठ होईल अशी खुर्ची ठेवू लागली.

मार्चमधल्या एका दुपारी बंडूकाका आले. ऑर्डनन्स फॅक्टरीत खरादेवर, म्हणजे लेथवर, जन्म गेलेला माणूस, वर्षअखेरीला निवृत्त होणार. मंडळाच्या गणपतीच्या देखाव्यात राक्षसाची मान हलवणारी मोटर बसवावी ती बंडूकाकांनीच. प्रणोतीला ते परकरात असल्यापासून ओळखत होते. सोबत मुलगा अक्षत, मेकॅनिकल इंजिनिअर.

"दोन ऑफिसं सोडून आलो गं पोरी," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "म्हटलं, आपली पोरगी बसते तिथंच जाऊ. ती काय आपल्याला बुडवून राहिली?"

गौतम सर शेजारच्याच टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते. मोठं गिऱ्हाईक असलं की ते तिथंच बसत. त्यांनी अक्षतला फोनवर आधीच बर्लिनचं एक खासगी कॉलेज सुचवून ठेवलं होतं. फी दरवर्षी बारा लाख, वर राहणं वेगळं. बंडूकाकांनी भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची बेरीज तोंडपाठ करून आणली होती. आजच नोंदणी करायची, म्हणून चेकबुकही खिशात होतं.

"पेन्शन?" प्रणोतीनं विचारलं.

"आहे की थोडी. तुझ्या काकूला अन् मला काय लागतं? वरण-भात."

अक्षतचे गुण चांगले होते. एक वर्ष थांबला, नीट जर्मन शिकला, स्वतः अर्ज केले, तर सरकारी विद्यापीठ त्याला मिळू शकत होतं. हे तिनं सांगितलं तर कमिशन जाणार होतं आणि सरांना कळलं तर नोकरीही. पण सरांना मराठी येत नव्हती. ते मूळचे कटनीचे, मराठी कानावर पडली की "आपकी भाषा बड़ी मीठी है" म्हणून मोकळे होणारे.

तिनं बर्लिनच्या कॉलेजचं माहितीपत्रक उघडलं, चित्रांवर बोट ठेवलं, चेहरा हसरा ठेवला आणि घरात चहा विचारावा तशा सुरात मराठीत म्हणाली, "काका, माझ्याकडे बघून मान हलवत राहा. हे कॉलेज घेऊ नका. नाव मोठं, लक्षण खोटं. सरकारी विद्यापीठात फी नसते. एक वर्ष थांबा. मी अक्षतला सगळं सांगेन, पण इथं नाही. आज काही भरू नका."

बंडूकाकांना ते बरोब्बर कळलं. त्यांनी राक्षसाच्या मोटरीसारखी संथ मान हलवली. "अच्छा, अच्छा."

अक्षतलाही कळलं. पण त्याचं असं होतं की मराठी त्याच्या कानात शिरायची आणि तोंडातून हिंदी होऊन निघायची. आईला, आजीला, सगळ्यांना तो जन्मभर तसंच उत्तर देत आला होता. तो खुर्चीतून पुढे झुकला आणि खणखणीत म्हणाला, "तो दीदी, ये वाला न लें? फीस सच में नहीं लगती सरकारी में?"

लॅपटॉपवरची टकटक थांबली.

"क्या नहीं लें, बेटा?" गौतम सरांनी खुर्ची वळवली. हसूनच विचारलं.

अक्षतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. प्रणोती माहितीपत्रकाचं पान उलटत राहिली. बोलले ते बंडूकाका.

"हॉस्टल, सर. बिटिया बोल रही थी, कॉलेज का हॉस्टल महँगा है, मत लो. सरकारी वाला ले लो."

आयुष्यात सुपरवायझरशी खोटं न बोललेला माणूस. कपाळावर घाम दिसत होता.

"बिल्कुल सही," सर म्हणाले. त्यांची नजर प्रणोतीवरून हलली नव्हती. "हॉस्टल छोड़ दीजिए. तो कॉलेज की आज बुकिंग कर दें? एक लाख. वापस नहीं होता, ये मैं पहले ही बता दूँ. मैं छिपाता नहीं."

आता बंडूकाका स्वतःच्याच खोट्यात अडकले. नको म्हणावं, तर हॉस्टलची बात उघडी पडते आणि पोरीवर येतं. त्यांनी प्रणोतीकडे एकदा पाहिलं. मग चेकबुक काढलं, चष्मा लावला आणि तारीख घालायला सुरुवात केली. हळूहळू, एकेक आकडा घोटून.

हे आपल्यासाठी चाललंय, हे प्रणोतीला कळायला क्षणभर वेळ लागला.

"काका, मत दीजिए," ती म्हणाली. या वेळी हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सर, मैंने ही मना किया है. हॉस्टल नहीं, कॉलेज."

सर ओरडले नाहीत. "बता देतीं मुझे," एवढंच म्हणाले. "चार साल में एक बार तो बता देतीं." आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले.

खाली मिठाईच्या दुकानासमोर बंडूकाका तिच्यावरच उखडले. "काहून बोलली तू? लाखच गेले असते ना! पोटावर पाय काहून मारून घेतला? तुझ्या आईला आता मी काय तोंड दाखवू?"

अक्षत मोटरसायकलवर बसून दुसरीकडे बघत होता. "एक साल और," तो पुटपुटला. "सब दोस्त सितंबर में जा रहे हैं. पापा ने पूरे सेक्शन में बता दिया है."

घरी शैलजानं सगळं ऐकून घेतलं. रात्रीच्या भाजीत मीठ घालायचं तेवढं विसरली. पुढचे काही दिवस प्रणोती शिकवण्याच्या नोकरीसाठी शाळांमधून अर्ज देत फिरली. आपण बरोबर केलं की नुसतं स्वतःचं मन हलकं केलं, हे तिला ठरवता येईना. अवंतिकाला तर ती काहीच सांगू शकली नव्हती.

एका सकाळी बंडूकाका दारात उभे. एकटेच, धापा टाकत.

"तो ऐकत नाही. दुसऱ्या ऑफिसात गेला. तेच कॉलेज, म्हणे पन्नास हजार कमी करून राहिले. आज बोलावलं आहे. चेकबुक घेऊन या, म्हणाला."

"मी सांगितलं होतं ना काका त्याला, फोनवर."

"मराठीत सांगितलं तू. मराठीत आम्हीही जन्मभर सांगून राहिलो, अभ्यास कर, लवकर ऊठ. त्याला वाटतं, घरातलंच बोलणं आहे, जाऊ द्या. तू हिंदीत सांग. त्या दिवशी बोलली तसं, चार लोकांत."

प्रणोतीनं आईकडे पाहिलं. शैलजा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "छत्री घे, ऊन फार आहे."

प्रणोतीनं चपला अडकवल्या.

"कुठं बसलाय तो?"