भिरूड काढायला गडी नाही

आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की आजही माझं डोकं फिरतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भिरूड म्हणून एक कीड असते. तिचा भुंगेरा सालीच्या फटीत अंडी घालतो, त्यातून अळी निघते आणि खोडात शिरून लाकूड पोखरत जाते. बाहेर दिसतं ते करंगळीएवढं भोक आणि खाली सांडलेला भुसा. वेळीच भोकात तार घालून अळी ओढून काढली, रॉकेलचा बोळा कोंबला आणि वरून शेणमातीने लिंपलं की झाड वाचतं. अर्ध्या दिवसाचं काम. तेवढ्यासाठी आमच्या वाडीत माणूस मिळत नाही, असं सगळे म्हणत. मी तिथेच उभी असायची, चांगली धडधाकट. पण मला माणसात धरायची पद्धत नव्हती.

ही एकोणीसशे साठच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. पोलादपूर तालुक्यात उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी. माझं माहेर खाली तुडीलचं, सावित्रीच्या काठचं, आणि मी चौथीपर्यंत शिकलेली. सासरी उतारावर बावीस रायवळ आंब्यांची राई होती. घरचं भात शिमग्यापर्यंत कसंबसं पुरायचं, पुढचं मीठमिरची आणि कापडचोपड आंब्यांवर. वाडीतले तरणे पुरुष झाडून सगळे मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. तिथे गावकीची एक खोली होती. तीस-चाळीस जण पाळीपाळीने तिच्यात झोपत आणि रविवारी तिथेच बसून वाडीचा कारभार करत. बांध कुणाचा, पाणी आधी कुणी घ्यायचं, लग्न कधी धरायचं, सगळं मुंबईत ठरे आणि पत्राने वर येई. वाडीत उरलो होतो आम्ही बायका, म्हातारे आणि पोरं.

राईची कामं आमच्याच गळ्यात. मोहोरावर तुडतुडे पडले की खाली ओला पाला जाळून धूर करायचा आम्ही. गवत कापायचं, आंबे वेचायचे, अढी लावायची आणि पाट्या डोक्यावर घेऊन पोलादपूरच्या बाजारात जायचं, तेही आम्हीच. फक्त झाडावर चढायचं नाही. बाई चढली तर झाड फळायचं थांबतं, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, ते विचारायची सोय नव्हती. जाळी लावलेल्या लांब काठीने खालून जेवढे हाताशी येतील तेवढे आंबे काढायचे आणि वरचे पडतील तसे वेचायचे.

आमच्याकडे रायवळाच्या प्रत्येक झाडाला चवीवरून नाव. लग्नानंतरच्या तिसऱ्या पावसात ‘खोबऱ्या’खाली मला भुसा दिसला. भोकं वर होती, दोन पुरुष उंचीच्याही वर. मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांचे गुडघे धरलेले, त्यांना चढणं शक्य नव्हतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

“पोरं येतील गणपतीला,” ते म्हणाले. “तवर काय झाड मरतंय व्हय गो?”

पोरं आली. माझा नवराही आला. पाच दिवस आरत्या झाल्या, नाच झाले, गौरीचं जेवण झालं. मी रोज सकाळी त्याला झाडाची आठवण करायची. चौथ्या दिवशी तो झाडाखाली गेला, मान वर करून बघितलं, आणि “उद्या चढतो” म्हणाला. उद्या त्याची पोलादपूरहून एस.टी. होती. पुढच्या माघात खोबऱ्या उभाच्या उभा वाळला. त्याची लाकडं मी चुलीला घातली. ज्या झाडाचे आंबे विकून माझ्या अंगावर लुगडं आलं होतं, त्याच्यावर वर्षभर भाकऱ्या भाजल्या, आणि प्रत्येक भाकरीला माझ्या तोंडात शिव्या होत्या.

पुढच्या पावसात तोच भुसा ‘साखऱ्या’खाली. साखऱ्या राईतलं सगळ्यात उंच, सरळसोट झाड. बाजारात त्याच्या पाट्या आधी उठत. तो गेला तर निम्मी राई गेल्यासारखीच होती. या वेळी मी गणपतीची वाट बघितली नाही, नवऱ्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं: रजा नाही, खालच्या गावातून गडी लाव. जसे काही खालच्या गावात गडी पारावर रांगेत बसले होते. दोनदा उतरून गेले. जे हातीपायी धड होते ते घाटात रस्त्याच्या कामावर. एक जण आला, शेवाळलेलं खोड बघून म्हणाला, “वैनी, पाय सटाकला तर माझी पोरं कोन बघंल?” आणि चहा पिऊन गेला. त्याचं काय चुकलं? झाड त्याचं नव्हतं.

झाड माझं होतं. म्हणजे सातबाऱ्यावर नव्हतं, पण धूर माझ्या डोळ्यांत जात होता आणि पाट्या माझ्या मानेवर होत्या. माहेरी माझे वडील मोडक्या छत्रीच्या काडीने भिरूड काढायचे, खाली शिडी धरून आम्ही बहिणी. मी तशीच एक काडी घेतली, टोकाला आकडा वळवला, रॉकेलची बाटली आणि चिंध्या कमरेला बांधल्या, काष्टा आवळला आणि भर दुपारी साखऱ्यावर चढले.

सांगायला लाज वाटत नाही, मला मजा आली. वरच्या बेचक्यातून सावित्रीचं खोरं दिसतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. पाच भोकं होती, चार अळ्या निघाल्या, बोटाएवढ्या, पांढऱ्या, लिबलिबीत. पाचवी निघेना. तिला आतच रॉकेल पाजलं. शेणमातीचे गोळे खाली एका पोराकडून दोराला बांधून घेतले, वर ओढले आणि सगळं लिंपून खाली उतरले. अळ्या कोंबड्यांना टाकल्या.

सासरे ओटीवरून बघत होते. आठ दिवसांत वाडीतला एक म्हातारा मुंबईला लेकाकडे गेला आणि महिन्याभरात गावकीचं पत्र आलं. सासऱ्यांच्या नावाचं. वाडीत वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळे माझ्यावरचा निकाल मीच उंबऱ्यात उभी राहून वाचून दाखवला. ‘सदर झाडाचे फळ यापुढे देवापुढे ठेवू नये. तुमच्या मुलाने खोलीत सर्वांसमक्ष नारळ ठेवून माफी मागितली आहे. पुन्हा असे घडल्यास घर वाळीत पडेल.’ खाली नवऱ्याच्या अक्षरात एक ओळ: ‘तू माझी मान खाली घातलीस.’

“परत वाच,” सासरे म्हणाले.

मी परत वाचलं. एखादा शब्द गाळला असता तर कुणाला कळणार होतं? पण मी एकही गाळला नाही. मला त्यांच्या तोंडावर तो मजकूर मारायचा होता. तो बसला की नाही, देव जाणे. ते तंबाखू मळत राहिले.

आता सगळं साखऱ्यावर येऊन ठेपलं. तो फळला तर माझं खरं. नाही फळला तर जन्मभर वाडीतली प्रत्येक वाळकी फांदी माझ्या नावावर. शेजारणी पाण्याला जाताना मुद्दाम त्याच्याखालून जायच्या आणि मान वर करून बघायच्या. मी तर रोज बघायची. लिंपण फुटलं की नव्याने माती लावायला पुन्हा चढायची सोय नव्हती, म्हणून लांब काठीला फडकं बांधून खालूनच थापायची. पौषात पालवी आली. माघात झाड मोहोरानं असं भरलं की पानं दिसेनात. तुडतुडे आले, तेव्हा मी सलग बारा दिवस त्याच्याखाली धूर केला. फाल्गुनात सुपारीएवढ्या कैऱ्या धरल्या, घोसच्या घोस. एका शेजारणीने मला विहिरीवर हळूच सांगितलं, “धरलं गो तुजं झाड.” मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

शिमग्याला मुंबईकर आले, चाळीसच्या चाळीस. या सणाला मात्र रजा मिळते. आमच्याकडे होळीला उंच, सरळ आंबा तोडून नाचवत आणून उभा करतात. झाड गावकी निवडते आणि ज्याचं झाड जातं त्याचा तो मान. गावकार, म्हणजे खोलीतला मुख्य माणूस, दहा जणांना घेऊन राईत आला आणि साखऱ्यावर हात ठेवून म्हणाला, “यंदा ही होळी.”

मी सासऱ्यांकडे धावले. म्हटलं, “याचं फळ देवाला चालत नाही, मग लाकूड कसं चालतं? आणि फळाला आलेलं झाड?”

“होळीत पडलं की सगळं शुद्ध व्हतं,” ते म्हणाले. “तुजाच दोष जातोय. मान हाय, नाय म्हनता येत नाय.”

म्हणजे ते माझ्यावर उपकार करत होते.

ढोल वाजत होता. वर दोर बांधायला कुणीतरी चढायचं होतं, तर माझ्या नवऱ्याने मुंबईचा नवा सदरा काढून शेजारच्याच्या हातात दिला आणि स्वतः वर चढला. मी मनात आकडे मोजत होते. पन्नासच्या आत तो बेचक्यात पोचला. दोन वर्षं मी ज्या चढण्यासाठी हातापाया पडत होते, ते त्याला एवढंसं होतं. मग कुऱ्हाडी पडल्या. झाड आडवं झालं तेव्हा कैऱ्या सगळ्या उतारभर सांडल्या आणि पोरं त्यांच्यामागे धावली.

गावकार वाकला, बुंध्याचा काप त्याने तळव्याने पुसला आणि खूश होऊन सगळ्यांना दाखवला. “बघा. किडीचं नावसुदीक नाय. होळीला असंच झाड लागतं.”

“ती कीड मी काढली,” मी मोठ्याने म्हणाले.

ढोल तेवढ्यात थांबला होता, सगळ्यांना ऐकू गेलं. नवरा दोर गुंडाळत माझ्याकडे न बघता म्हणाला, “उभी काय राहिलीस? कैऱ्या वेच. लोणच्याला व्हतील.”