कौसामावशींनी मांडणी पुन्हा लावली

लग्नाचे फोटो काढून माझं पोट भरतं, पण त्या फोटोंत सगळी माणसं सारखीच दिसतात. म्हणून गेल्या वर्षी दसरा झाल्यावर ठरवलं, माणसांचे फोटो त्यांच्याच खोलीत काढायचे, तेही त्यांना आवडतील त्या कपड्यांत. मी राहते त्या केडगावहून निघायचं, दोन दिवसांत दोन घरं करायची. लांब जायची गरज नव्हती, आपला जिल्हा पुरेसा मोठा आहे.

पहिल्या दिवशी स्कूटरवरून राहुरीच्या पुढे देवळाली प्रवरा गाठलं. दोन्ही बाजूंना डोक्याइतका उंच ऊस. रस्त्यात खड्डे बरेच आहेत, हातात वेळ ठेवा. तिथे मैत्रिणीचे वडील राहतात, पीटीचे निवृत्त सर. खोलीत एक कॉट आणि खिळ्यांना टांगलेल्या सात शिट्ट्या. कडक इस्त्रीची पांढरी पँट आणि कॅनव्हासचे बूट घालूनच ते उभे राहिले.

"सर, घरात बूट?"

"बूट नसले की माझा आवाजच निघत नाही!"

अर्ध्या तासात फोटो झाला. आपल्याला हे जमतंय, अशा तोऱ्यात मी परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथर्डीची एसटी धरली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट. करंजी घाट ओलांडला की उसाचा हिरवा रंग मागे राहतो आणि माळ सुरू होतो. पाथर्डीहून पुढच्या गावाला काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही.

"ताई, सरका जरा, अजून दोघं बसत्यात," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठे बसतील?"

"बसल्यावर कळतंय की."

आणि खरंच बसले.

त्या गावच्या कौसामावशी आणि त्यांचे यजमान तात्या दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, तेव्हापासूनची ओळख. मी पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. दोन दिवसांनी त्यांना कारखान्यावर न्यायला ट्रक येणार होता. सगळी भांडी पोत्यात भरून झाली होती, अंथरुणं बांधून ठेवली होती, भिंतीवरची लोखंडी मांडणी रिकामी. दोरीवर मावशींचा पूर्ण बाह्यांचा शर्ट वाळत होता. ऊस तोडताना पाचटाने, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांनी, अंग कापू नये म्हणून बायका साडीवर पुरुषाचा शर्ट घालतात, तोच तो.

ती ओकीबोकी खोली, ती पोती, तो शर्ट. मला फोटो दिसलाच. म्हटलं, "मावशी, शर्ट घाला आणि पोत्यांपाशी बसा."

मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"त्यो उसाचा कपडा हाय. घरात न्हाई घालत मी."

"पण फोटो छान येईल हो."

"येईल की. पेपरवाले आले, संस्थावाले आले, समद्यांनी कोयता हातात देऊनच फोटू काढला. ह्या घराचा कुनी काढला न्हाई. चार हंगाम तोड केली तवा ही खोली झाली. रंग मी निवडलाय, गुलाबी. आन् तुमी पोत्याचा फोटू काढनार व्हय?"

माझा चेहरा उतरला. कोणते कपडे, हे माणसानेच ठरवायचं, हा माझाच नियम होता.

"मग कसा काढू?" मी विचारलं.

मावशींनी पोत्याची सुतळी सोडली.

"अगं, परवा निघायचंय! परत कोन भरनार?" तात्या ओरडले.

"मीच भरीन. तुमी बसा."

मग दोन तास आम्ही दोघींनी भांडी पुसली. खाली डबे, मध्ये ताटं, वर उतरत्या मापाचे तांबे. मी एक तांब्या उलटा ठेवला, तो त्यांनी सरळ केला. मध्येच बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा झाला. शेवटी मावशी आत जाऊन मोरपंखी काठपदराची साडी नेसून आल्या आणि मांडणीशेजारी उभ्या राहिल्या. हसल्या नाहीत. हनुवटी वर, एक हात मांडणीच्या कडेवर.

"काढा आता."

दारातून तात्या हळूच म्हणाले, "लई भारी दिसतीय."

या नादात साडेचारची एसटी चुकली. मिळेल त्या जीपने, टेम्पोने घरी पोचले. तुम्ही गेलात तर परतीची गाडी आधी विचारून ठेवा.

दुसऱ्याच दिवशी मोठी प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि पाथर्डीच्या गाडीने पाठवली. ट्रक निघायच्या आत ती मावशींच्या हातात पडली.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"ताई, फोटू कोपीत लावलाय." कोपी म्हणजे तोडीवरची त्यांची पाचटाची झोपडी.

"खराब होईल ना मावशी? घरी ठेवायचा होता."

"घरी कशाला? तिथं घरच हाय की. हितं मुकादम आला, म्हनला, कुनाचं घर हाय हे? म्हनलं, माझं."

बारा वर्षं मी फोटो काढतेय. इतक्या अभिमानाने मी काढलेला फोटो अजून कुणी कुणाला दाखवला नव्हता.