पळत्या होडीचं कव्हर

गाठवाल्या मावशीने बांधलेलं कव्हर सोडायचं म्हणजे माणसाला एक पक्कड, दोन तास आणि मावशीची परवानगी लागायची. परवानगी नसेल तर पक्कड मोडायची. मी स्वतः तीन मोडल्यात. तिसरी मोडली तेव्हा मावशी ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "डाव्या हाताचा दोर आधी ओढ, खोटारड्या. गाठ नाय, तुझं डोकं अडकलंय."

अंधेरीच्या आमच्या कोळीवाड्यात होड्यांची कव्हरं शिवणारी ती एकटी. तिच्या बापाने जन्मभर शिडं शिवली. शिडं गेली, इंजिनं आली, पण बापाचं दाभण मावशीकडे राहिलं आणि ती त्याने ताडपत्री शिवू लागली. माझा धंदा जीपला ट्रेलर लावून होड्या रस्त्याने कोकणात पोचवायचा. म्हणजे ती कपडे चढवणार आणि मी मिरवत नेणार. वीस वर्षं आमची जोडी होती, आणि या वीस वर्षांत तिने माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. तिचंही बरोबरच होतं. मी घाटातल्या वादळाची गोष्ट सांगायचो. जीपचं बॉनेट उडालं, माझी टोपी थेट कोल्हापुरात जाऊन पडली, पण मावशीचं कव्हर हललं नाही! सगळा वाडा हसायचा. मावशी विचारायची, "तू टोपी कधी घातलीस रं?"

तिचं एक ठाम मत होतं. उभ्या होडीचं कव्हर वेगळं आणि पळत्या होडीचं वेगळं. उभ्या होडीला पाऊस त्रास देतो, पळत्या होडीला वारा. एका मढच्या गिऱ्हाइकाने दुकानातलं तयार, ढगळ कव्हर आणलं आणि तेच चढवून रस्त्याने न्यायचा हट्ट धरला. मावशी बाजूला झाली. सांताक्रूझ येईपर्यंत ते कव्हर पुरीसारखं फुगलं होतं. विमानतळावरची माणसं घाबरून बघायला आली की हे उतरतंय का उडतंय. बरं, आली नसतील, पण येण्यासारखंच होतं. परत आणलं तर होडीच्या काठावरचा रंग घासून गेलेला. मावशीने त्या माणसाला शिव्या दिल्या नाहीत. त्याचा हात धरून त्या घासलेल्या जागेवर फिरवला. "कापड मऊ असतं असं वाटतं ना? वाऱ्यात फडफडलं की कानस होतं."

दुसरा तिचा नियम म्हणजे मानखुर्द. खाडीपूल यायच्या आधी गाडी कडेला घ्यायची, खाली उतरायचं आणि पुढच्या दोरापासून सगळे दोर पुन्हा ताणायचे. निघाल्यावर ट्रेलरचे धक्के बसले की दोर बसतो, ढिला पडतो. "घरी बांधलेली गाठ घरापुरती," ती म्हणायची. बरेचदा स्वतःच जीपमध्ये बसून यायची आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून कव्हराचा आवाज ऐकायची. एकदा एका पोलिसाने हटकलं, "आजी, डोकं आत घ्या." मावशी म्हणाली, "तूच जरा गप ऱ्हा, मना ऐकू येत नाय." पोलीस गप्प राहिला. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

काका, म्हणजे तिचा नवरा, वारले आणि दोन वर्षांनी मावशीने होडी विकायला काढली. मुलगी मुलुंडला, नर्स. होडी चालवणार कोण? फायबरची छोटी होडी, नाकाशी लाल रंगात मुलीचं नाव: हर्षदा. काका शाळेत जेमतेम गेलेले, पण ते नाव दुसऱ्या कुणाला रंगवू द्यायचे नाहीत. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी जुन्याच अक्षरांवरून नवा हात मारायचे. अक्षरं वाकडी, एक या दिशेला तर एक त्या. पण इतके थर चढले होते की डोळे मिटून बोट फिरवलं तरी नाव वाचता यायचं. हर्णैकडच्या एकाने होडी घेतली. मावशीने एकच अट घातली, नाव बदलायचं नाही.

त्या होडीचं कव्हर शिवायला तिने बारा दिवस घेतले. एरवी दोन दिवसांत शिवायची. नावावर येईल तिथे आतून स्वतःची जुनी सुती साडी शिवली, चार पदरी. मे महिन्यातल्या त्या सकाळी शेवटची गाठ मारली आणि ओट्यावर जाऊन बसली. "यावेळी मी नाय येत. मानखुर्दला थांबशील ना?"

"मावशी, तुझी शपथ."

"माझी नको. गाडीची घे."

माझ्या शेजारी होडी घेणाऱ्याचा मेव्हणा बसला होता. नवीन कान मिळाले की माझं काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. मी मावशीच्या गाठींचं पुराण लावलं. टोपी कोल्हापुरात पाडली. तो म्हणाला, "मग थांबून दोर ताणायची गरजच नाही की." मी म्हणालो, "गरज? अहो, मावशीची गाठ आहे ती!" आणि मानखुर्द मागे टाकलं.

पनवेलच्या पुढे टकटक ऐकू यायला लागली. मला वाटलं, ट्रेलरची साखळी असेल. माझी गोष्ट रंगात आली होती. माणगावला चहाला थांबलो आणि मागे गेलो. पुढचा दोर सैल पडून कव्हर फुगलं होतं. साडी एका बाजूला सरकली होती. कव्हराच्या कोपऱ्यातली पितळी कडी शंभर किलोमीटर काकांच्या अक्षरांवर आपटत आली होती. 'ह' नाही, 'र्ष' नाही. खाली पांढरं फायबर उघडं पडलेलं. शेवटचं 'दा' तेवढं उरलं होतं, आणि साडीच्या घडीत लाल रंगाचा भुगा.

तेवढ्यात फोन वाजला. "कुठवर आलास? नाव ठीक हाय ना रं?"

"एक ओरखडा नाही, मावशी."

वीस वर्षांच्या सवयीने वाट बघत होतो, आता म्हणेल खोटारड्या. म्हण ना. पण ती म्हणाली, "बरं झालं रं बाबा," आणि तिचा आवाज ओला झाला. तिने फोटो मागितला. मी सकाळी कव्हर घालायच्या आधी काढलेला पाठवला. तो फोटो तिने अख्ख्या वाड्याला दाखवला.

पौर्णिमेला हर्णैला जाऊन होडीला नारळ द्यायचा, असं तिने ठरवलं होतं. मी तिकडच्या तीन पेंटरांकडून नाव काढून घेतलं. तिघांनीही सुंदर काढलं, सरळ, सारखं, दुकानाच्या पाटीसारखं. तिन्ही वेळा मी पुसायला लावलं. वाड्यात आलो की मावशी विचारायची, "कधी निघायचं?" मी टायरचं सांगायचो, क्लचचं सांगायचो. आणि ती सगळं खरं मानायची. मावशीने माझ्यावर विश्वास ठेवायला लागावं, याच्याइतकी वाईट गोष्ट माझ्या आयुष्यात झालेली नाही.

पौर्णिमेला आठ दिवस असताना ती गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही.

तेराव्यानंतर हर्षदा माझ्याकडे आली. "दादा, आईचा नारळ राहिलाय. मला घेऊन चल. बाबांची अक्षरं एकदा हात लावून बघते."

निघालो. ट्रेलर नव्हता, मागे काही नव्हतं, गाडी कशी हलकी चालत होती. मानखुर्दला मी कडेला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. मेव्हणा, टोपी, टकटक, साडीतला भुगा, सकाळचा फोटो. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जशी घडली तशी सांगितली.

ती समोरच्या काचेतून बघत राहिली. मांडीवर नारळाची पिशवी होती, ती दोन्ही हातांनी धरलेली. म्हणाली, "आईला शेवटपर्यंत काय माहीत होतं?"

"एक ओरखडा नाही."

हर्षदाने पदराने डोळे पुसले.

"मग मलापण तेच सांगायचंस ना रे, दादा."