हेडखाली गेलेला माझा आरसा

पेट्रोलचा वास आला की मला आमचा जुना ट्रॅक्टर आठवतो बाई. त्याचं मोठं इंजिन सुरू करायला एक छोटं पेट्रोलचं इंजिन होतं, अन् तेच रुसलं होतं. सोयाबीन निघालेलं, हरभरा पेरायचा, वावरातली ओल रोज उडून चाललेली, अन् आमचे मालक अंगणात इंजिन खोलून बसलेले. नवं गॅसकेट टाकलं, नट आवळले, तरी हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, फटीतून पाणी फसफसून बाहेरच! दुसरं टाकलं, तेही तसंच. मी वैतागले, "अजी, ओल काय तुमच्यासाठी थांबून राह्यली?" "मले काहून बोलून राह्यली? हेडच वाकडं झालं. सपाट काच पाह्यजे," असं म्हणत त्यांनी माझ्या माहेरचा आरसाच उचलला! "पेरणी झाली की नवा आणून देतो." मग त्यावर घासायची पेस्ट फासली अन् हेड पालथं ठेवून सपाट होईस्तोवर दुपारभर घासलं. गळती थांबली, हरभरा ओलीत पडला. आता ट्रॅक्टर भंगारात गेलाय, पण आरसा भिंतीवरच आहे. घासून पार धुरकट झालेला. मी कुंकू अंदाजानंच लावते. यांची ती पेरणी अजून आटोपली नाही वाटते!